लाल त्रिकोणामागचा उंदीर

गेल्या हिवाळ्यात जळगाव जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयाने मला वादविवाद स्पर्धेसाठी परीक्षक म्हणून बोलावलं होतं. विषय होता, 'प्रयोगशाळेत प्राण्यांचा वापर थांबवलाच पाहिजे.' मुलं तयारीने आली होती, आवाज खणखणीत होते, पाठांतर पक्कं होतं. तरी दोन तास ऐकून मी अस्वस्थ झालो. विषयाच्या बाजूने बोलणाऱ्यांनी डोळ्यांत रसायन टाकलेल्या सशांची वर्णनं केली आणि सगळ्या विज्ञानालाच कसाई ठरवलं. विरोधातल्यांनी एकच प्रश्न निरनिराळ्या चालींवर विचारला, उंदीर मोठा की तुमची आई? टाळ्या दोन्हीकडे पडल्या. शेवटी श्रोत्यांतून अकरावीतली एक मुलगी उठली आणि तिने साधं विचारलं, "प्रयोग संपल्यावर त्या उंदरांचं काय करतात?" व्यासपीठावर आठ वक्ते होते. एकालाही उत्तर देता आलं नाही. ज्यांच्या नावाने एवढं भांडण झालं, त्यांचं पुढे काय होतं हे कुणी वाचूनच आलं नव्हतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. प्राण्यांवरचे काही प्रयोग आजही टाळता येत नाहीत, आणि ते सरसकट बंद करा म्हणणाऱ्याने त्याची किंमत कोण मोजणार हेही सांगायला हवं. पण असा प्रत्येक प्रयोग म्हणजे त्या जिवाला न विचारता घेतलेलं कर्ज आहे. कर्जाला कारण लागतं, मुदत लागते, आणि वहीत नोंद लागते. आपल्याकडे कारण मोठ्याने सांगितलं जातं, मुदत कुणी पाळत नाही आणि वही कुणाला दाखवत नाही. भांडायचं तर यावर भांडायला हवं.

हे मी काठावर उभं राहून बोलत नाही. तीस वर्षांहून अधिक काळ मी खान्देशातल्या तालुक्याच्या गावी प्राणिशास्त्र शिकवलं. पावसाळा सुरू झाला की बेडूक पुरवणारा माणूस ओल्या पोत्यात बेडूक घेऊन यायचा. काचेच्या बरणीत क्लोरोफॉर्मचा बोळा टाकायचा, बेडूक निपचित झाला की मेणाच्या ट्रेमध्ये उताणा टाचायचा, आणि मुलांनी कात्री धरायची. एका तुकडीला पचनसंस्था, दुसरीला रक्ताभिसरण, परीक्षा जवळ आली की मेंदूतून निघणाऱ्या नसा. एखाद्या मुलाच्या हातून नस तुटली की तो म्हणायचा, "सर, दुसरा द्या." आणि मी द्यायचो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये विच्छेदन कमी करायला सांगितलं आणि २०१४ मध्ये ते बंदच केलं, तेव्हा मी त्या निर्णयाच्या विरोधात बोललो होतो. मुलांना हाताने शिकल्याशिवाय शरीर कळणार नाही, असं माझं म्हणणं होतं. नंतरच्या तुकड्या तक्ते, प्रतिकृती आणि संगणकावर शिकल्या. त्यांच्या तोंडी परीक्षा मीच घेतल्या. बेडकाच्या हृदयाला किती कप्पे असतात हे त्यांना आधीच्या मुलांइतकंच येत होतं. मग त्या पोत्यांतल्या बेडकांकडून आम्ही नेमकं काय शिकलो? हा प्रश्न मला निवृत्तीनंतर पडला, हे मला आजही सलतं. त्याहून जास्त सलते ती दुसरी गोष्ट. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा आपला कायदा १९६० चा आहे. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत खासगी विधेयक मांडून त्याची सुरुवात करून दिली. या कायद्याच्या सतराव्या कलमात स्पष्ट म्हटलं आहे की पुस्तकं, प्रतिकृती, चित्रपट यांनी काम भागत असेल तर महाविद्यालयांनी प्राण्यांवरचे प्रयोग टाळावेत, आणि केवळ हात बसावा म्हणून प्रयोग करू नयेत. म्हणजे मी पहिला बेडूक टाचला त्याच्या कितीतरी आधीपासून हे कागदावर होतं. ते मला कुणी दाखवलं नाही, आणि मीही शोधलं नाही.

आता सरसकट बंदी मागणाऱ्यांचे सगळ्यात भक्कम मुद्दे घेतो, कारण स्पर्धेत तेच नीट मांडले गेले नाहीत. पहिला मुद्दा वेदनेचा. उंदराला दुखतं. त्याला भीती वाटते, अंधारा कोपरा हवासा वाटतो, सोबत हवीशी वाटते. याबद्दल आज शास्त्रात दुमत नाही, किंबहुना उंदराचं शरीर आपल्यासारखं आहे म्हणूनच तर त्याला निवडलेलं आहे. दुखण्याइतकं आपल्यासारखं नाही आणि औषध तपासण्याइतकं मात्र आपल्यासारखं आहे, असं दोन्हीकडून बोलता येत नाही. दुसरा मुद्दा संमतीचा. माणूस चाचणीच्या कागदावर सही करतो, निदान तशी अपेक्षा असते. माकड करत नाही. तिसरा मुद्दा उपयोगाचा, आणि तो सगळ्यात बोचरा आहे. २००६ च्या मार्चमध्ये लंडनच्या एका रुग्णालयाच्या आवारात सहा निरोगी तरुणांना प्रतिपिंड, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या प्रथिनांच्या प्रकारचं एक नवं औषध टोचलं. माकडांना जेवढी मात्रा देऊन काही झालं नव्हतं, तिचा पाचशेवा भाग या तरुणांना दिला होता. काही तासांत सहाही जण अतिदक्षता विभागात होते. माकडांनी सुरक्षित म्हटलेलं औषध माणसाला मरणाच्या दारात घेऊन गेलं. मग त्या माकडांचा जीव कशासाठी घेतला?

हे तिन्ही मुद्दे मला मान्य आहेत. पहिले दोन तर पूर्णपणे. पोळ्याला बैलाच्या शिंगांना हिंगूळ लावून, झूल घालून, पुरणपोळी भरवून आपण जे करतो ती कर्जाचीच कबुली आहे. वर्षभर याच्या मानेवर जू ठेवलं, याच्या मेहनतीवर घर चाललं, हे आपण त्या दिवशी गावासमोर मान्य करतो. बैलाला न विचारता राबवलं हे ज्या समाजाला कळतं, त्याला उंदराला न विचारता मारलं हे कळायला हरकत नसावी. मटण खाणाऱ्याला उंदरांबद्दल बोलायचा हक्क नाही, असं काही जण म्हणतात. तो मुद्दा मी सोडून देतो. एका ठिकाणची हिंसा दुसऱ्या ठिकाणच्या हिंसेचा परवाना होत नाही.

पण यातून सगळे प्रयोग आजच्या आज थांबवावेत असा निष्कर्ष निघतो का? मला तसं वाटत नाही, आणि याची कारणं मला आपल्याच शिवारात दिसतात.

कापूस वेचताना, केळीच्या बागेत पाणी देताना, रात्री मोटार सुरू करायला जाताना माणसाला साप चावतो. २००० ते २०१९ या वीस वर्षांत देशात सुमारे बारा लाख माणसं सर्पदंशाने गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,००० असा अभ्यासकांचा अंदाज आहे. यातले बहुतेक खेड्यांतले. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर चालणारं जे एकच प्रतिविष आपल्या ग्रामीण रुग्णालयांत मिळतं, ते घोड्याच्या रक्तातून येतं. घोड्याला विषाचे अगदी थोडे थोडे डोस देत जातात, त्याच्या रक्तात प्रतिपिंडं तयार होतात, मग रक्त काढून त्यातला द्रव शुद्ध करतात. एक मिलिलिटर प्रतिविषाने नागाचं ०.६ मिलिग्रॅम आणि मण्यारचं ०.४५ मिलिग्रॅम विष निष्प्रभ झालं पाहिजे, असा दंडक आहे. हा आकडा खरा की खोटा हे तपासतात ते उंदरांवर. विष आणि प्रतिविष एकत्र करून टोचायचं आणि किती उंदीर जगले ते मोजायचं. प्रयोगशाळेत बनवलेल्या, घोडा न लागणाऱ्या प्रतिविषावर बंगळुरूत आणि परदेशात जोरात काम चालू आहे आणि ते यशस्वी व्हावं अशी माझी मनापासून इच्छा आहे. पण २०२४ मध्ये जाहीर झालेलं त्यातलं एक नामांकित प्रतिपिंडही शेवटी उंदरांवरच तपासलं गेलं. बंदी उद्यापासून लागू केली तर चोपड्याच्या किंवा शहाद्याच्या रुग्णालयातली ती बाटली तपासायची कशी? त्या बाटलीत ताकद आहे की नाही हे मग घोणस चावलेल्या शेतमजुराच्या शरीरावरच कळेल.

आणि हे सगळं फक्त माणसासाठी असतं, हेही खरं नाही. २०२२ च्या ऑगस्टमध्ये रावेर तालुक्यातल्या चिनावल भागात जनावरांच्या अंगावर गाठी दिसू लागल्या आणि बघता बघता लम्पी राज्यभर गेला. बैलबाजार बंद झाले. त्या वर्षीचा पोळा कित्येक गावांत गोठ्यातच झाला. मी बघितलेला एक शेतकरी आपल्या बैलाच्या अंगावरच्या गाठींना कडुनिंबाचा पाला लावत बसला होता आणि दर दहा मिनिटांनी डॉक्टर लस घेऊन कधी येणार असं विचारत होता. त्या वेळी जनावरांना टोचली ती शेळ्यांच्या देवीवरची लस. लम्पीसाठीची खास स्वदेशी लस हिसारच्या आणि इज्जतनगरच्या संस्थांनी मिळून त्याच महिन्यात जाहीर केली. या लसी कोणावर तपासल्या? प्राण्यांवरच. काही वासरांना टोचल्याशिवाय लाखो वासरांना टोचायचं धाडस कोण करणार? बैलावर जीव असणारा माणूस इथे काय म्हणेल?

गिधाडांचं उदाहरण तर याहून थेट आहे. माझ्या लहानपणी गावाबाहेर ढोर पडलं की आभाळातून गिधाडं उतरायची आणि दुपारपर्यंत नुसती हाडं उरायची. मग ती हळूहळू दिसेनाशी झाली. रोग म्हणावं, विषबाधा म्हणावं, कुणालाच कळेना. २००४ मध्ये कारण सापडलं ते गुरांना दुखण्यावर द्यायचे त्या डायक्लोफिनॅकमध्ये. ते सिद्ध कसं झालं? पिंजऱ्यातल्या काही गिधाडांना ते औषध दिलं, औषध दिलेल्या जनावराचं मांस खाऊ घातलं, आणि ती मूत्रपिंडं निकामी होऊन मेली तेव्हा. २००६ मध्ये भारताने गुरांसाठी त्या औषधावर बंदी घातली. गुरांना त्याऐवजी मेलॉक्सिकॅम चालेल हेही गिधाडांवरच तपासून ठरवलं. थोड्या गिधाडांचा जीव धोक्यात घालून उरलेली जात वाचवायची, हा निर्णय ज्यांनी घेतला त्यांच्याइतकं गिधाडांवर प्रेम करणारं कुणी नव्हतं. या गोष्टीतला धडा प्रयोगाच्या समर्थकांनीही घ्यावा. गुरांसाठीचं औषध गुरांना सोसतं की नाही, एवढंच आपण बघितलं. ते जनावर मेल्यावर त्याला कोण खाईल हा प्रश्न विचारलाच गेला नाही. प्रयोग आपण विचारलेल्याच प्रश्नाचं उत्तर देतो. थॅलिडोमाइडचंही तेच. १९५७ पासून गरोदर बायकांनी मळमळीवर घेतलेल्या त्या गोळीने जगभर दहा हजारांहून अधिक बाळं अपंग जन्मली. प्राण्यांवरच्या चाचण्या निरुपयोगी असल्याचा पुरावा म्हणून ही घटना सांगतात. पण बाजारात आणण्यापूर्वी ती गोळी गाभण प्राण्यांवर तपासलेलीच नव्हती. नंतर सशांवर तपासली तेव्हा दोष दिसला. लंडनचं प्रकरण आणि हे प्रकरण शेजारी ठेवून पाहिलं तर प्राणी कधी फसवतात आणि कधी वाचवतात, दोन्ही खरं आहे. त्यातून एवढंच ठरतं की प्राण्यावर तपासलं म्हणून डोळे मिटायचे नाहीत.

अजून एक गोष्ट बंदीवाले विसरतात. प्राणी बाजूला केला की त्याच्या जागी कोण उभं राहतं? नाझी डॉक्टरांच्या खटल्यानंतर १९४७ मध्ये न्यूरेम्बर्गला जी दहा तत्त्वं लिहिली गेली, त्यांतलं तिसरं तत्त्व सांगतं की माणसावरचा प्रयोग आधीच्या प्राण्यांवरच्या प्रयोगांच्या आधाराने आखलेला असावा. छळछावण्यांतल्या कैद्यांचं काय केलं गेलं हे बघून लिहिलेलं ते वाक्य आहे. पहिल्या चाचणीला श्रीमंत माणूस कधीच उभा राहत नाही. सातपुड्याच्या कुशीत अक्कलकुवा, धडगाव भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार घरोघरी ठाऊक आहे. तिथल्या रुग्णाला आज हायड्रॉक्सीयुरियाची कॅप्सूल मिळते. त्या औषधाने आजाराची तीव्रता कमी करणारं, गर्भावस्थेतल्या प्रकारचं हिमोग्लोबिन पुन्हा वाढतं, हे १९८४ मध्ये माकडांमध्ये दिसलं होतं. ती पायरी नसती तर पहिला प्रयोग कोणावर झाला असता? जगात हा आजार ज्यांना आहे, ती बहुतेक माणसं गरीब आणि काळ्या-सावळ्या कातडीची आहेत. मला उत्तराची भीती वाटते.

गांधीजींचा दाखला या वादात नेहमी निघतो, त्या स्पर्धेतही निघाला. जिवंत प्राण्याची चिरफाड करण्याला त्यांचा कडवा विरोध होता आणि तो त्यांनी १९०९ पासून उघड मांडला, हे खरंच आहे. ज्या फैजपूरच्या मातीत १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचं पहिलं ग्रामीण अधिवेशन भरलं, त्या मातीतल्या मुलांनी गांधीजी अर्धेच सांगू नयेत. १९२८ मध्ये साबरमतीच्या आश्रमातलं एक वासरू असह्य यातनांत होतं, वाचण्याची आशा नव्हती, तेव्हा गांधीजींनी त्याला इंजेक्शन देऊन मरण द्यायला सांगितलं. देशभरातून शिव्यांची पत्रं आली. त्यांनी त्या निर्णयाचं कारण छापून सांगितलं, लोकांची पत्रं घेतली, उत्तरं दिली. हत्या टाळली की अहिंसा साधली, इतकं ते सोपं मानत नव्हते. मला त्या प्रसंगातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की त्यांनी केलेल्या हत्येचा जाब जाहीरपणे दिला.

जाब देण्याच्या याच मुद्द्यावर प्रयोगांचे समर्थक उघडे पडतात. त्यांच्यावर मी जास्त रागावलो आहे, कारण त्यांच्या बाजूला सत्ता आहे. कपाशीवर फवारायच्या औषधाच्या डब्यावर एक चौकोन असतो, त्यात रंगीत त्रिकोण. लाल म्हणजे अतिजहाल विष, पिवळा त्याखाली, मग निळा, मग हिरवा. हा रंग कसा ठरतो, हे मी शेतकऱ्यांच्या एका बैठकीत विचारलं होतं. कुणालाच माहीत नव्हतं. प्रयोगशाळेत उंदरांना ते औषध पाजतात आणि निम्मे उंदीर मरायला वजनाच्या दर किलोमागे किती मिलिग्रॅम लागलं ते मोजतात. एक ते पन्नास मिलिग्रॅममध्ये मेले तर लाल. ५१ ते ५०० मध्ये पिवळा. पाच हजारांच्याही पुढे गेलं तर हिरवा. म्हणजे बांधावर पडलेल्या त्या रिकाम्या डब्यावरचा प्रत्येक रंग उंदरांच्या मरणाने रंगवलेला आहे. माझा एक जुना विद्यार्थी पारोळ्याकडे शेती करतो. त्याच्या शेजाऱ्याने मला डबा दाखवून सांगितलं, "सर, लाल तिरकोन म्हणजे औषध जालीम. बोंडअळी पटकन मरते, आम्ही लालच मागतो." धोक्याची खूण तो दर्जाची खूण समजत होता. त्याच्या हाताला मोजे नव्हते, तोंडाला साधा रुमाल होता, डब्यासोबतचं घडी केलेलं पत्रक त्याने उघडलं नव्हतं आणि उघडलं असतं तरी मुंगीएवढी ती अक्षरं त्याला वाचता आली नसती. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधेने वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर गेले. त्या डब्यांवरही त्रिकोण होतेच.

इथे माझा प्रश्न आहे. ते उंदीर कशासाठी मेले? माणसाला इशारा मिळावा म्हणून मेले असतील, तर तो इशारा माणसापर्यंत पोचवणं हा त्या प्रयोगाचाच भाग नाही का? कंपनीने चाचणी केली, कागद नोंदणीला जोडला, परवाना मिळाला, आणि तिथे कर्तव्य संपलं. उंदरांचं मरण फायलीत राहिलं, आणि पारोळ्याचा माणूस लाल त्रिकोण बघून खूश झाला. फायलीतच राहिलेल्या ज्ञानासाठी जीव घेणं याला मी क्रूरता म्हणतो, मग ती चाचणी नियमात कितीही बसत असो. ज्या सरकारला उंदीर मारायला सांगता येतं, त्याला कृषी सेवा केंद्राच्या भिंतीवर चार रंगांचा अर्थ मोठ्या मराठी अक्षरांत लावायला सांगता येत नाही?

मुदतीचंही तसंच. निम्मे उंदीर मारून विष मोजायची ती पद्धत १९२७ मध्ये निघाली. कमी उंदरांत तेवढीच माहिती मिळते हे कळूनही तिचं जुनं रूप आंतरराष्ट्रीय नियमांतून २००२ मध्ये गेलं. ७५ वर्षं लागली. कुत्रा चावल्यावर पोटात घ्यायची चौदा इंजेक्शनं पन्नाशीच्या पुढच्या प्रत्येकाला आठवतात. माझ्या चुलतभावाने ती घेतली होती. रोज सकाळी काका त्याला सायकलवर बसवून तालुक्याच्या दवाखान्यात न्यायचे आणि तो रस्ताभर रडायचा. ती लस मेंढ्यांच्या मेंदूपासून बनायची. मेंढीला रेबीज द्यायचा, तिचा मेंदू काढायचा, त्यातला विषाणू मारायचा. १९११ मध्ये कसौलीला ही पद्धत बसवली गेली. त्या लसीतल्या मेंदूच्या अंशामुळे काही रुग्णांना लकवा व्हायचा, म्हणजे मेंढीही मरायची आणि माणसाचाही बळी जायचा. पेशींवर वाढवलेली, कितीतरी सुरक्षित लस १९७० च्या दशकाच्या अखेरीस जगात आली होती. भारताने मेंढीच्या मेंदूची लस पूर्ण बंद केली २००४ च्या डिसेंबरात. मधली पंचवीस वर्षं विज्ञान थांबलं होतं का? विज्ञानाने वाट दाखवून झाली होती. नवी लस महाग होती, आणि सरकारी दवाखान्यात येणारा माणूस गरीब होता. मेंढी आणि तो माणूस, दोघांनाही ताटकळत ठेवणं स्वस्त पडत होतं. जेव्हा कुणी 'पर्याय अजून तयार नाहीत' म्हणतो, तेव्हा मला ही पंचवीस वर्षं आठवतात. पर्याय तयार नाहीत की पर्यायाचे पैसे द्यायची तयारी नाही, हे आधी विचारून घ्यावं. इन्सुलिनचीही गोष्ट अशीच सुरू झाली. ते १९२१ मध्ये कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून हाती आलं, पुढे अनेक दशकं गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढलं, आणि १९८२ पासून जिवाणूंकडून बनवलेलं मानवी इन्सुलिन बाजारात आहे. कर्जाची परतफेड होऊ शकते, हे तिथे दिसतं. सौंदर्यप्रसाधनांसाठीच्या चाचण्या भारताने २०१४ मध्ये बंद केल्या आणि कुणाचा चेहरा त्यावाचून काळवंडला नाही. २०२३ मध्ये आपल्या नव्या औषधांच्या नियमांत दुरुस्ती होऊन पेशींवरच्या आणि अवयवासारखं काम करणाऱ्या छोट्या चिपवरच्या चाचण्यांनाही मान्यता मिळाली. दार उघडलं आहे. त्यातून जाण्यासाठी लागणारी यंत्रं, माणसं आणि पैसा यांची तरतूद कुठे दिसते?

आणि आता आपल्या घरातलं. खान्देशात गेल्या पंचवीस-तीस वर्षांत औषधनिर्माणशास्त्राची महाविद्यालयं मोठ्या संख्येने निघाली, ही आनंदाची गोष्ट आहे. आमच्या मुलांना पुण्या-मुंबईला जावं लागत नाही. पण पदव्युत्तर प्रबंधांचे विषय बघितले की मन खट्टू होतं. उंदरांना स्ट्रेप्टोझोटोसिन टोचून मधुमेही करायचं, मग कुठल्या तरी पानांचा, सालीचा, बियांचा अर्क पाजायचा, साखर उतरली असं दाखवायचं, उंदीर मारून स्वादुपिंड कापायचं, फोटो लावायचे, प्रबंध बांधायचा. कारलं, मेथी, जांभूळ, कडुनिंब. हेच अर्क देशभरात किती वेळा पाजले गेले असतील? या प्रबंधांतून मधुमेहाच्या रुग्णापर्यंत काय पोचलं? विद्यार्थ्याला दोष देत नाही, त्याला पदवी हवी आहे. पण पदवीसाठी पुन्हा तेच तपासायचं असेल तर ते माझ्या बेडकांसारखंच झालं. 'केवळ हात बसावा म्हणून' हे कायद्यातले शब्द इथेही लागू होत नाहीत का? नैतिकता समिती असते, प्रस्ताव मंजूर करते, बाहेरचा सदस्यही असतो, हे मला माहीत आहे. त्या समितीने नेमकं काय विचारलं, कुठला प्रस्ताव नाकारला, किती उंदीर कमी करायला सांगितले, हे गावातल्या माणसाला कुठे वाचायला मिळतं? प्राण्यांची संख्या कमी करा, त्रास कमी करा, शक्य तिथे प्राणीच वापरू नका, ही तीन सूत्रं रसेल आणि बर्च या दोन ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये मांडली आणि आपल्या नियमांनी त्यात प्रयोगानंतरच्या पुनर्वसनाची चौथी भर घातली. चारही सूत्रं समितीच्या खोलीत बंद राहतात.

मला हवं आहे ते फार मोठं नाही. ज्या महाविद्यालयात प्राणिगृह आहे, त्याने वर्षाला एक पान काढावं. किती प्राणी आले, कशासाठी, हेच काम आधी कुणी केलं होतं का हे तपासलं का, वेदनेवर काय दिलं, काय निष्पन्न झालं, आणि जे निष्पन्न झालं नाही तेही. फसलेला प्रयोग लपवला की दुसऱ्या गावी तोच पुन्हा होतो आणि तेवढेच उंदीर पुन्हा मरतात. युरोपात रसायनांच्या कायद्याने पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांवरच्या चाचण्यांची माहिती कंपन्यांना एकमेकांना द्यायला लावली, दुबार चाचणीला मज्जाव केला. हे पान बघून आमच्या लोकांना राग येईल, प्रयोग बंद पडतील, अशी भीती एका प्राध्यापकांनी माझ्याकडे व्यक्त केली. मला ती भीती पटत नाही. ज्या शेतकऱ्याने चिनावलला लसीची वाट पाहिली, त्याला लसीची किंमत कळते. त्याला न सांगता त्याच्या नावावर उधारी करणं हा त्याचा अपमान आहे.

त्या स्पर्धेत बक्षिसं वाटून झाल्यावर मी त्या अकरावीतल्या मुलीला बाजूला बोलावलं आणि तिच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. बहुतेक वेळा भुलीचं औषध जास्त मात्रेत देतात, किंवा डब्यात कार्बन डायऑक्साइड सोडतात. मग हवे ते अवयव काढून घेतात. उरलेलं शरीर पिवळ्या पिशवीत भरतात, आणि ती पिशवी दवाखान्यांच्या कचऱ्याबरोबर जाळायला जाते. ती काही वेळ गप्प राहिली.

"सर, मोजतात का पण?"

मोजतात, मी म्हणालो. आलेला प्रत्येक प्राणी आणि गेलेला प्रत्येक प्राणी, प्राणिगृहात वही असते.

"ती वही आम्हाला बघता येईल?"